दादासाहेब फाळके

धुंडिराज गोविंद फाळके ऊर्फ दादासाहेब फाळके (३० एप्रिल १८७०, त्र्यंबकेश्वर – १६ फेब्रुवारी १९४४, नाशिक) हे भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक मानले जाणारे निर्माते, दिग्दर्शक, पटकथाकार व तंत्रज्ञ होते. इ.स. १९१३ मध्ये प्रदर्शित झालेला त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' हा मूकपट भारतातील पहिला पूर्ण लांबीचा कथापट समजला जातो. सुमारे पंचवीस वर्षांच्या कारकिर्दीत त्यांनी ९० हून अधिक कथापट आणि २५ हून अधिक लघुपट निर्माण केले. पहिले महायुद्ध, भांडवलदार भागीदारांशी झालेले मतभेद, काशीतील स्वेच्छेने पत्करलेला अज्ञातवास आणि बोलपटाचे आगमन अशा अनेक स्थित्यंतरांतून त्यांचे जीवन गेले. त्यांनी सुरू केलेल्या व्यवसायाची भरभराट होत असताना ते स्वतः मात्र त्यातून दूर फेकले गेले.

जन्म व शिक्षण

फाळके यांचा जन्म नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. त्यांचे वडील गोविंद सदाशिव फाळके हे दाजीशास्त्री या नावाने ओळखले जात. ते संस्कृतचे विद्वान होते व धार्मिक विधींचे पौरोहित्य करीत. आईचे नाव द्वारकाबाई होते. पुढे दाजीशास्त्रींची मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात संस्कृतचे अध्यापक म्हणून नेमणूक झाली आणि कुटुंब मुंबईस स्थलांतरित झाले. रामायण, महाभारत व पुराणे यांतील कथांचा परिचय धुंडिराजांना घरातच झाला. त्यांच्या चित्रपटांची कथानके पुढे प्रामुख्याने याच कथांतून आली.

इ.स. १८८५ मध्ये त्यांनी मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेऊन चित्रकलेचा अभ्यासक्रम पूर्ण केला. त्यानंतर थोरल्या बंधूंसमवेत ते बडोद्यास गेले. तेथील कलाभवनात त्यांनी तैलरंग व जलरंगातील चित्रण, मूर्तिकाम, वास्तुकला आणि छायाचित्रण या विषयांचे शिक्षण घेतले. कलाभवनाचे प्रमुख प्राध्यापक गज्जर यांनी त्यांची यंत्रविद्येची आवड ओळखली. छायाचित्रांवरून ठसे तयार करणे, शिलामुद्रण व तिरंगी छपाई ही तंत्रे शिकण्यासाठी त्यांनी फाळके यांना रतलाम येथे पाठविले. चित्रकला, रसायनक्रिया आणि यंत्रज्ञान ही तिन्ही अंगे एकाच व्यक्तीने आत्मसात करणे त्या काळी दुर्मिळ होते. चित्रपटनिर्मितीत मात्र या तिन्हींची एकाच वेळी गरज पडते.

प्रारंभीचे व्यवसाय

शिक्षणानंतर फाळके यांनी गोध्रा येथे छायाचित्रणाचा व्यवसाय सुरू केला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या प्लेगच्या साथीत त्यांच्या पहिल्या पत्नीचे व अपत्याचे निधन झाले. त्यानंतर ते बडोद्यास परतले. छायाचित्र काढल्याने माणसाची शक्ती क्षीण होते, असा समज लोकांत असल्यामुळे तेथेही व्यवसायाला बाधा आली. याच सुमारास एका जर्मन जादूगाराकडून ते हातचलाखीचे प्रयोग शिकले. आपल्या आडनावाची अक्षरे उलट करून 'प्रोफेसर केल्फा' या नावाने त्यांनी जादूचे प्रयोगही केले. पौराणिक चित्रपटांतील चमत्कार दाखविताना हे कौशल्य त्यांच्या उपयोगी पडले.

इ.स. १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. विवाहानंतर त्यांच्या पत्नीचे नाव सरस्वती ठेवण्यात आले. पुरातत्त्व खात्यात त्यांनी काही काळ छायाचित्रकार व आरेखक म्हणून नोकरी केली. स्वदेशी चळवळीच्या काळात ही सरकारी नोकरी सोडून त्यांनी लोणावळा येथे मुद्रणव्यवसाय सुरू केला. राजा रविवर्मा यांच्या चित्रांच्या छपाईशीही या काळात त्यांचा संबंध आला. पुढे दादर येथे 'लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स' या नावाने हा व्यवसाय चालू लागला. रंगीत छपाईची यंत्रसामग्री आणण्यासाठी इ.स. १९०९ मध्ये ते जर्मनीस गेले. छपाईच्या दर्जासाठी ते अतोनात परिश्रम घेत. परंतु कारभाराच्या पद्धतीवरून भागीदारांशी मतभेद झाले आणि जम बसलेला छापखाना सोडून ते रिकाम्या हाताने बाहेर पडले. कामाच्या गुणवत्तेचा आग्रह आणि पैसा पुरविणाऱ्यांशी तुटणारे संबंध यांमुळे पुढील आयुष्यातही त्यांच्यावर अनेकदा असेच प्रसंग आले.

चलच्चित्रांकडे

ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा भारतातील पहिला खेळ ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलमध्ये झाला होता. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी त्यानंतर थोड्याच वर्षांत कुस्तीसारख्या घटनांचे चित्रण केले. तथापि पडद्यावर दिसणारे बहुतेक चित्रपट परदेशी असत. छापखाना सोडल्यानंतरच्या काळात फाळके यांनी गिरगाव येथील एका चित्रपटगृहात येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. राम, कृष्ण यांची चरित्रे अशाच प्रकारे भारतीयांनी तयार केलेल्या चित्रपटांतून पाहावयास मिळावीत, या विचाराने त्यांना पछाडले.

पुढील काही महिने ते रोज अनेक तास चित्रपट पाहात. रात्री ते घरी स्वस्तातल्या कॅमेऱ्यावर प्रयोग करीत. या ताणामुळे त्यांची दृष्टी काही काळ गेली. डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी ती परत आली. विम्याची पॉलिसी गहाण ठेवून त्यांनी पैसा उभा केला आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले. तेथे 'बायोस्कोप' या नियतकालिकाच्या संपादकांनी त्यांची निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याशी गाठ घालून दिली. हेपवर्थ यांच्या चित्रशाळेत चित्रणाची सर्व अंगे पाहून व विल्यमसन कॅमेऱ्याची मागणी नोंदवून ते एप्रिलमध्ये मुंबईस परतले. भांडवलदारांना या कलेची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीतील रोपाची वाढ दाखविणारा एक लघुपट तयार केला. ठरावीक अंतराने एकेक चित्र घेऊन कित्येक दिवसांची वाढ त्यांनी काही क्षणांत दाखविली. हा लघुपट 'अंकुराची वाढ' या नावाने ओळखला जातो.

राजा हरिश्चंद्र

'राजा हरिश्चंद्र' या चित्रपटाची निर्मिती दादर येथील फाळके यांच्या घरी व आवारात झाली. कथा, दिग्दर्शन, नेपथ्य, रंगभूषा, संकलन आणि फिल्मवरील रासायनिक प्रक्रिया ही सर्व कामे फाळके स्वतः पाहात. कॅमेरा त्र्यंबक तेलंग यांनी हाताळला. हरिश्चंद्राची भूमिका दत्तात्रय दामोदर दाबके यांनी केली, तर रोहिदासाची भूमिका फाळके यांचे पुत्र भालचंद्र यांनी केली. चित्रपटात काम करण्यास एकही स्त्री तयार न झाल्यामुळे उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके यांना तारामतीची भूमिका देण्यात आली.

या निर्मितीत सरस्वतीबाईंचा वाटा मोठा होता. घरी राहणाऱ्या सर्व कलाकार-कामगारांचा स्वयंपाक त्या करीत. कोऱ्या फिल्मच्या कडांना छिद्रे पाडणे, फिल्म धुणे, तसेच चित्रणाच्या वेळी प्रकाश परावर्तित करण्यासाठी पांढरी चादर धरून उन्हात उभे राहणे हीदेखील त्यांचीच कामे होती. निर्मितीसाठी त्यांनी आपले दागिनेही दिले.

चार रिळांच्या या चित्रपटाचा पहिला खेळ २१ एप्रिल १९१३ रोजी ग्रँट रोडवरील ऑलिम्पिया चित्रपटगृहात निमंत्रितांसाठी झाला. ३ मे १९१३ रोजी गिरगाव येथील कोरोनेशन चित्रपटगृहात तो जनतेसाठी प्रदर्शित झाला. रामचंद्र गोपाळ तथा दादासाहेब तोरणे यांचा 'पुंडलिक' हा चित्रपट त्याआधी १८ मे १९१२ रोजी प्रदर्शित झाला होता. त्यामुळे पहिल्या भारतीय चित्रपटाचा मान कोणाचा, याविषयी मतभेद आहेत. 'पुंडलिक' हे रंगमंचावरील नाट्यप्रयोगाचे चित्रण होते आणि त्यावरील प्रक्रिया लंडन येथे झाली होती. याउलट 'राजा हरिश्चंद्र' खास पडद्यासाठी रचलेला होता आणि त्याची सर्व प्रक्रिया भारतातच पार पडली होती. या कारणास्तव बहुतेक अभ्यासक हा मान फाळके यांच्या चित्रपटाला देतात.

नाशिकमधील निर्मिती व लंडनचा प्रस्ताव

पहिल्या यशानंतर फाळके यांनी आपले बिऱ्हाड व चित्रशाळा नाशिक येथे हलविली. तेथे तयार झालेल्या 'मोहिनी भस्मासुर' या चित्रपटात दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमला (नंतरच्या कमलाबाई गोखले) यांनी भूमिका केल्या. या मायलेकी भारतीय चित्रपटांतील पहिल्या अभिनेत्री मानल्या जातात. त्यानंतर 'सत्यवान सावित्री' हा चित्रपट आला.

इ.स. १९१४ मध्ये हे तिन्ही चित्रपट घेऊन फाळके दुसऱ्यांदा लंडनला गेले. तेथील जाणकारांनी चित्रपटांच्या तांत्रिक दर्जाची प्रशंसा केली. इंग्लंडमध्ये राहून भारतीय विषयांवर चित्रपट करावेत, असा प्रस्तावही त्यांच्यापुढे आला. त्यात भरघोस वेतन व नफ्यातील वाटा देऊ केला होता. फाळके यांनी तो नाकारला. आपण परदेशी राहिलो तर मायदेशात हा व्यवसाय मुळातच खुंटेल, असे त्यांचे मत होते. भारतात चित्रपट तयार करून ते परदेशी पाठविण्याची बोलणी त्यांनी सुरू केली. परंतु ऑगस्टमध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले आणि ही बोलणी थांबली.

महायुद्धाचा काळ

फाळके परतले तेव्हा नाशिकची चित्रशाळा अडचणीत होती. पूर्वी पैसा देणाऱ्यांनी हात आखडता घेतला होता. कोरी फिल्म परदेशातून येत असल्यामुळे ती मिळणे कठीण व महाग झाले होते. लंडनमध्ये हाती आलेल्या संधी युद्धाने हिरावून घेतल्या होत्या आणि कर्मचाऱ्यांचा भार डोक्यावर होता. या काळात त्यांनी छोटे विनोदी व माहितीपर पट काढले, संस्थानिकांकडे मदत मागितली आणि गावोगावी जाऊन आपल्या चित्रपटांचे खेळ केले. 'चित्रपट कसे तयार करतात' हा लघुपट याच काळातील असून त्यात फाळके यांची स्वतःची कार्यपद्धती पाहावयास मिळते.

इ.स. १९१७ मध्ये आलेल्या 'लंका दहन' या चित्रपटाला प्रचंड यश मिळाले. अण्णा साळुंके यांनी यात राम व सीता या दोन्ही भूमिका केल्या. मुंबईत चित्रपटाचे खेळ सकाळपासून रात्री उशिरापर्यंत चालत. नोव्हेंबर १९१७ पासून 'नवयुग' मासिकात फाळके यांनी भारतीय चित्रपटावर लेखमाला लिहिली. भारतीय चित्रपटाच्या आरंभकाळाविषयी त्याच्या प्रवर्तकाने स्वतः लिहिलेले साधन म्हणून ही लेखमाला महत्त्वाची आहे.

हिंदुस्थान फिल्म कंपनी

'लंका दहन'च्या यशानंतर अनेक भांडवलदार पुढे आले. वामन श्रीधर आपटे, मायाशंकर भट्ट आदी भागीदारांसह १ जानेवारी १९१८ रोजी 'हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी'ची स्थापना झाली. तिची चित्रशाळा नाशिकलाच राहिली. या संस्थेने 'श्रीकृष्ण जन्म' (१९१८) आणि 'कालिया मर्दन' (१९१९) हे लोकप्रिय चित्रपट दिले. 'कालिया मर्दन'मध्ये बाळकृष्णाची भूमिका फाळके यांची कन्या मंदाकिनी हिने केली. चित्रपटाच्या आरंभी तिच्या चेहऱ्यावरील बदलते भाव क्रमाने दाखविले आहेत.

चित्रपट यशस्वी होत असतानाही संस्थेत ताण वाढत होता. खर्च व निर्मितीचे वेळापत्रक यांवर भागीदारांना नियंत्रण हवे होते. निर्मितीतील प्रत्येक बाब आपल्या हाती असावी, असा फाळके यांचा आग्रह होता. पूर्वी ते स्वतःच्या घरात, स्वतःच्या माणसांसह चित्रपट करीत. आता त्यांना हिशेबनीस व व्यवस्थापक यांच्यासह काम करावे लागे. भागीदारांची शिस्त अनाठायी होती असे म्हणता येणार नाही, कारण फाळके खर्चाच्या बाबतीत काटेकोर नव्हते. तडजोडीचे प्रयत्न फसल्यावर आर्थिक नुकसान सोसून ते संस्थेबाहेर पडले.

काशीवास

चित्रपटव्यवसायातून निवृत्त झाल्याचे जाहीर करून फाळके १९२० च्या सुमारास सहकुटुंब काशीस गेले. वानप्रस्थासाठी काशीस जाण्याची परंपरा जुनी असली, तरी त्या वेळी त्यांनी नुकतीच पन्नाशी गाठली होती. काशीत त्यांनी 'रंगभूमी' हे दीर्घ नाटक लिहिले. समकालीन नाट्यव्यवसायावर उपरोधिक टीका करणारे हे नाटक १९२२ मध्ये रंगमंचावर आले. त्याला फारसा प्रतिसाद मिळाला नाही.

महाराष्ट्रात त्यांच्या परतीची मागणी होत होती. 'संदेश' या वृत्तपत्राचे संपादक अच्युतराव कोल्हटकर यांनी ती लावून धरली. चित्रपटसृष्टीपुरते आपण मेलो आहोत, अशा आशयाचे उत्तर फाळके यांनी त्यांना पाठविले. कोल्हटकरांनी ते प्रसिद्ध केल्यावर वाचकांकडून परतीची विनंती करणारी अनेक पत्रे आली. दरम्यान फाळके यांच्याविना हिंदुस्थान कंपनीची निर्मितीही खालावली होती. अखेर इ.स. १९२२ मध्ये फाळके नाशिकला परतले आणि कंपनीत रुजू झाले. मात्र आता ते मालक नव्हते, पगारी निर्मितिप्रमुख होते.

समकालीन रशियातील स्थिती

फाळके काशीस गेले, त्याच सुमारास रशियन मूकपटसृष्टीतील अनेक कलावंत मायदेश सोडत होते. इ.स. १९१७ च्या क्रांतीनंतर यादवी युद्ध पेटले आणि निर्माते योसिफ येर्मोल्येव यांचा चमू मॉस्कोहून क्रिमियातील याल्टा येथे गेला. २७ ऑगस्ट १९१९ च्या हुकमाने रशियातील चित्रपटव्यवसायाचे राष्ट्रीयीकरण झाले. १९२० च्या आरंभी हा चमू जहाजाने कॉन्स्टॅन्टिनोपलमार्गे फ्रान्सला पोहोचला. त्यातील विख्यात अभिनेते इव्हान मोझुखिन यांनी पॅरिसमध्ये पुन्हा कीर्ती मिळविली. मात्र बोलपट आल्यावर परक्या भाषेतील उच्चारांमुळे त्यांची कारकीर्द संपली आणि १९३९ मध्ये विपन्नावस्थेत त्यांचे निधन झाले. यादवीच्या काळात दक्षिणेकडील एका गावी मूकपट करीत राहिलेल्या अशाच एका चमूची कथा निकिता मिखाल्कोव यांनी 'प्रेमाची गुलाम' (१९७६) या चित्रपटात सांगितली आहे.

फाळके यांच्यावर देशत्याग करण्याची वेळ आली नाही. उलट परदेशी स्थायिक होण्याची संधी त्यांनी नाकारली होती. त्यांना दूर व्हावे लागले ते राजकीय क्रांतीमुळे नव्हे, तर भांडवलाच्या नियंत्रणामुळे. तरीही युद्धाने बदललेली परिस्थिती, कलावंताचे स्वतःच्या कर्मभूमीपासून तुटणे आणि बोलपटानंतर आलेली उपेक्षा या बाबतींत दोन्हीकडील अनुभवांत साम्य आढळते.

बोलपटाचे आगमन

पुनरागमनानंतर फाळके यांनी हिंदुस्थान कंपनीसाठी अनेक मूकपट केले. पण तोवर चित्रपटसृष्टी बदलली होती. कोल्हापूरला बाबूराव पेंटर यांनी 'सावकारी पाश' (१९२५) सारखा सामाजिक चित्रपट केला होता. मुंबईत नव्या संस्था उभ्या राहत होत्या आणि प्रेक्षकांची अभिरुची पौराणिक कथांपलीकडे जात होती. कंपनीतून पुन्हा बाहेर पडून फाळके यांनी 'सेतुबंधन' हा भव्य मूकपट हाती घेतला. पैशांअभावी त्याचे काम रेंगाळले.

तेवढ्यात १४ मार्च १९३१ रोजी अर्देशिर इराणी यांचा 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट प्रदर्शित झाला. १९३२ मध्ये आलेला प्रभात फिल्म कंपनीचा 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट हरिश्चंद्राच्याच कथेवर आधारलेला होता. ज्या कथेने फाळके यांनी मूकपटाचा प्रारंभ केला, तीच कथा आता नव्या पिढीने नव्या तंत्राने सांगितली. 'सेतुबंधन' पूर्ण झाला तेव्हा मूकपटांचे युग ओसरत होते. नंतर आवाज भरून तो पुन्हा प्रदर्शित करण्यात आला, तरी त्याला यश मिळाले नाही.

गंगावतरण व अखेरची वर्षे

कोल्हापूरचे राजाराम महाराज यांच्या निमंत्रणावरून फाळके यांनी कोल्हापूर सिनेटोनसाठी 'गंगावतरण' (१९३७) हा चित्रपट दिग्दर्शित केला. बोलपट म्हणून चित्रित केलेला हा त्यांचा एकमेव व अखेरचा चित्रपट होय. वयाच्या पासष्टीनंतरही त्यातील चमत्कारदृश्ये त्यांनी स्वतः योजली होती. मोठा खर्च व दोन वर्षांचे श्रम होऊनही चित्रपटाने त्यांच्यासाठी पुढचा मार्ग खुला केला नाही.

इ.स. १९३९ मध्ये मुंबईत भारतीय चित्रपटव्यवसायाचा रौप्यमहोत्सव साजरा झाला. त्या प्रसंगी व्ही. शांताराम यांच्या पुढाकाराने फाळके यांच्यासाठी निधी गोळा करण्यात आला आणि त्यातून त्यांच्या नाशिक येथील घराला साहाय्य झाले. अखेरची वर्षे त्यांनी आर्थिक विवंचनेत व प्रसिद्धीपासून दूर काढली. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले.

मूल्यमापन व वारसा

फाळके यांनी परदेशी यंत्र व तंत्र वापरले, पण चित्रपटासाठी लागणारी माणसे, प्रक्रिया आणि विषय येथेच घडविले. आचारी, विद्यार्थी, नातेवाईक अशा सामान्य माणसांना शिकवून त्यांनी निर्मितीचा पहिला ताफा उभा केला. दुहेरी छायाचित्रण, लघुप्रतिकृती आणि कॅमेरा थांबवून साधलेले रूपबदल यांचा त्यांनी कथेसाठी उपयोग केला. व्यवसायाचे रूप बदलले तेव्हा सर्व सूत्रे एकहाती ठेवण्याची त्यांची पद्धत टिकू शकली नाही. मात्र त्याच पद्धतीमुळे, मार्गदर्शक कोणी नसताना, पहिला चित्रपट पूर्ण होऊ शकला होता.

त्यांचे बहुतेक चित्रपट कालौघात नष्ट झाले आहेत. 'राजा हरिश्चंद्र', 'लंका दहन', 'श्रीकृष्ण जन्म', 'कालिया मर्दन' आदी चित्रपटांचे उपलब्ध भाग पुणे येथील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जतन केले आहेत. संग्रहालयाचे माजी अभिरक्षक पी. के. नायर यांचे या कामी मोठे योगदान होते.

भारत सरकारने इ.स. १९६९ पासून त्यांच्या नावे दादासाहेब फाळके पुरस्कार सुरू केला. पहिला पुरस्कार अभिनेत्री देविका राणी यांना देण्यात आला. इ.स. १९७१ मध्ये फाळके यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढण्यात आले. नाशिकजवळ पांडवलेणीच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे, तर मुंबईतील गोरेगाव येथील चित्रनगरीला त्यांचे नाव देण्यात आले आहे. 'राजा हरिश्चंद्र'च्या निर्मितीची कथा सांगणारा परेश मोकाशी दिग्दर्शित 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' हा मराठी चित्रपट ऑस्कर पुरस्कारासाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून पाठविण्यात आला होता.